लवंगेवर सील धरत नाय

हैदराबाद,
२१ नोव्हेंबर १९९३

बिऱ्यास कचरूचा जयभीम. तुझ्या घरी चालत नसंल तर राम राम वाचून दाखव, पण पत्र पुरतं वाच.

तुझं पत्र भेटलं. लेका, पहिली तीन पानं वाळूजच्या कंपनीतल्या कँटीनच्या कढीवर, आन माझ्या बहिणीचा पुढचा दात अर्धा गेला हे चौथ्या पानाच्या तळाला? मी भट्टीपुढं उभ्या उभ्या वाचत होतो. उस्तादांनी माझं तोंड पाहिलं. "क्या मियाँ, कौन गुजर गया?" म्हणलं, गुजरलं नाय कोणी, भामाचा दात गेला. तर म्हणतात, "फिर रोते कायकू? दाँतां के कारखाने में खड़े हैं तुम."

खरं हाय. मी सहावी नापास माणूस. चिकलठाण्याच्या कंपनीत टिकलो नाय, जालन्याला बियाण्याच्या गोदामात सतरा दिवस काढले, आन एक दिवस मनमाडच्या गाडीत बसलो तो सिकंदराबादला डोळा उघडला. आज चौदा महिने झाले, लोकांचे दात करतोय. इतके दिवस एका जागी तर मी आईच्या पोटातबी राहिलो नव्हतो.

आता मला नीट समजू दे. धम्मचक्र दिनाला वस्तीत कार्यक्रम. परवानगी गाण्याला दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला भामाचं गाणं बाबासाहेबांच्या नावावर आलं, आन तेवढ्यात पोलीस पाटील काकासाहेबांनी माईक ओढला. वायर तिच्याकडं, दांडा त्यांच्याकडं, मधी दात. पंचनाम्यात काय लिहिलं म्हणतोस? "माईकला कोणतीही इजा झालेली नाही." लई बरं झालं. माईक वाचला.

पण तू पुढं लिहिलं त्यानं माझा जीव गेला. "बाबासाहेब" म्हणायला गेली की 'सा'ला शिट्टी वाजते. आन मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायची घोषणा आज होईल, उद्या होईल चाललंय, त्या दिवशी वस्तीत भामाच गाणार असं सगळ्यांनी ठरवलंय, आन ती म्हणते, "नाव नीट निघत नसंल तर मी तोंड उघडणार नाय." ती म्हणली म्हंजे उघडणार नाय. आमच्या घरात हट्ट फक्त तिला वाटणीत आलाय.

तर ऐक. उस्मानपुऱ्यात एक डॉक्टरीणबाई हायेत, त्यांचं काम आमच्याकडं येतं. तिला तिकडं ने. त्या नस काढतील, माप घेतील, माप इथं येईल. दात मी माझ्या हातानं करतो. पोर्सलिनची पूड कुंचल्यानं थरावर थर चढवायची, भट्टीत घालायची, घासायची. डॉक्टर त्याला कॅप म्हणतात, आमचे उस्ताद टोपी.

आता एक गोष्ट पाठ कर. टोपी पडली की लोक शिव्या आम्हाला देतात. पण खोट टोपीत नसते, खालच्या मसाल्यात असते. मसाला म्हंजे पोकळ दातात भरतात ते. त्यावर टोपी नव्या जातीच्या डिंकानं चिकटवतात, आन दात-टोपीच्या सांध्यातून पाणी-थुंकी आत जाऊ नये याला म्हणतात सील. लवंगेच्या तेलाचा मसाला खाली असला तर तो डिंक सुकतच नाय, चिकट राहतो. वरून दात मोत्यासारखा, खालून पाझर. इथल्या कॉलेजातला एक डॉक्टर त्यावर पुस्तक लिहितोय, त्याच्यासाठी आम्ही उपटलेल्या दातांना टोप्या बसवून निळीत बुडवतोय. मग दात मधून कापायचा, निळं कुठपर्यंत शिरलं ते पट्टीनं मोजायचं. निकाल कळवतो.

तुझा
कचरू


धोंडखेडा,
५ डिसेंबर १९९३

कचऱ्या,
तुझ्या जयभीमला माझा जयभीम. आमचा मुंजाबाअण्णा म्हणला, "बिरोबाची शपथ, माझ्या घरात असलं बोलू नको." मी म्हणलं, बोललो कुठं, लिहिलंय.

भामाला उस्मानपुऱ्याला नेली. डॉक्टरीणबाई तरण्या हायेत. त्यांच्याकडं नकली दातांची एक माळ हाय, ती भामाच्या ओठाला लावून रंग जुळवत बसल्या. भामा म्हणली, "साडीला ब्लाऊजपीस बघतो तसं काय बघताय?" त्या लई हसल्या. नस काढली. मसाला भरला. मी तुझं म्हणणं सांगितलं तर म्हणल्या, "हा लवंगेचाच आहे, पण तात्पुरता. कॅप आली की काढून काचेच्या पुडीचा भरीन. लॅबवाल्यांना सांगा, दात तुम्ही करा, तोंड मी बघते." माप तुझ्याकडं पाठवलंय.

तुझी आई, आमची केसरमावशी, आधी म्हणली, "इतकी वर्षं माणसं कवळीबिगर मेली, हिला कामून पाहिजे?" मग तू स्वतः करणार हे कळलं तर गावभर सांगत फिरली. तू काळजी करू नको. मावशी रोज सकाळ-संध्याकाळ कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून भामाच्या दातावर दाबून धरते. काळजीत कसूर नाय.

काकासाहेब भेटले. म्हणले, "कचरू काय करतो हैदराबादला?" मी म्हणलं, मोठ्या लोकांच्या टोप्या बनवतो. त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं. काही चुकलं का माझं?

तुझा
बिरू


हैदराबाद,
१२ डिसेंबर १९९३

(आंतर्देशीय संपलं, म्हून कार्ड. जागा थोडी हाय.)

बिऱ्या, आईला सांग लवंग ताबडतोब बंद! थेंबबी नको! सगळा घात होईल. निकाल आला: लवंगवाल्या दहापैकी सात ठिकाणी निळं पार आत शिरलं. काचेवाल्यात दहापैकी एक. म्हून जुना मसाला पुरता उकरून काढा, नवा भरा, आन मगच टोपी. टोपी पार्सलनं निघालीय, तुझ्या नावावर गावाकडं. ओल लागू देऊ नका. सील फुटलं की खेळ खलास. एकदा नीट बसली की भामाच्या तोंडून बाबासाहेबांचं नाव असं सुटंल की काकासाहेबांच्या कानाचे पडदे फुटतील. जयभीम. कचरू.


पोलीस पाटील यांचे कार्यालय, मौजे धोंडखेडा
जावक क्र. ७
दि. २३ डिसेंबर १९९३

श्री. कचरू यांस,

विषय : आपले उघडे कार्ड व त्यामागोमाग आलेली संशयास्पद वस्तू यांबाबत खुलासा.

महाशय,

आपले दि. १२ चे कार्ड पोस्टमनच्या हातात असताना माझ्या नजरेखालून आपोआप गेले. सध्या घोषणेच्या पार्श्वभूमीवर परिसरातील वातावरण नाजूक असून, ते नाजूक ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

आपल्या कार्डात मसाला भरणे, टोपी बसवणे, ओल लागू न देणे असा उल्लेख आहे. विहिरीच्या सुरुंगाचे काम मी पाहिलेले आहे. सबब मला शिकवू नये. तसेच "सील फुटले की" असे लिहिले आहे. सील हे तहसील कार्यालयाचे असते व ते फोडणे गुन्हा आहे. कोणते सील, हे कळवावे.

दहापैकी सात ठिकाणी निळे आत शिरल्याचे आपण कळवता. ती सात ठिकाणे गावनिहाय लिहून पाठवावीत, म्हणजे उरलेल्या तीन ठिकाणी बंदोबस्त ठेवता येईल. 'लवंग' हे कोणत्या बाईचे नाव आहे व तिला बंद करण्याचा आपणास काय अधिकार, याचाही खुलासा व्हावा.

दि. २० रोजी आलेले पार्सल पंचांसमक्ष उघडले असता कापसात एक पांढरी वस्तू मिळून आली. वस्तू दातासारखी असल्याचे पंच म्हणतात. परंतु दोन्ही पंचांस दात नसल्याने त्यांचे मत ग्राह्य धरलेले नाही. वस्तू डब्यात घालून, डब्यास लाखेचे सील करून, तो पाण्याच्या बादलीत चावडीत ठेवला आहे. बादलीजवळ विडी ओढण्यास मनाई केली आहे.

आठ दिवसांत खुलासा न आल्यास वस्तू वरिष्ठांकडे पाठवण्यात येईल. ती पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही.

काकासाहेब
पोलीस पाटील


हैदराबाद,
३० डिसेंबर १९९३

आदरणीय काकासाहेब पाटील यांना कचरूचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र उस्तादांना तर्जुमा करून सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या खेपेला शेजारच्या दुकानातली माणसंबी बोलावली.

मालक, मी सहावी नापास. तुमच्यासारखं लिहिणं मला जमायचं नाय, पण खुलासा करतो.

लवंग कोणत्या बाईचं नाव नाय. लवंग म्हंजे लवंग, पुलावात असते ती. माझी आई तिचं तेल भामाच्या दाताला लावते. त्यानं ठणका थांबतो, पण डिंक धरत नाय. ते तेल बंद करायचा अधिकार मला नाय हे खरं. आईपुढं कोणाला असतो?

निळं म्हंजे कपड्याला घालतात ती नीळ. ती उपटलेल्या दातांत शिरली, गावांत नाय. सात गावांची नावं द्यायला मला आनंद झाला असता, पण मला तेवढी गावं माहीत नायत.

आता सील. तुमचं आन आमचं सील वेगळं. आमच्या सीलचं काम बाहेरची घाण आत जाऊ नये. तुमच्या सीलचं काम आतलं बाहेर कोणाला दिसू नये. आमचं सील करायचं तर आधी खालचं सगळं कुजकं उकरावं लागतं. त्याला येळ लागतो, कळ निघते. लोकांना तेवढा धीर नसतो. ते म्हणतात, वरून पांढरं दिसतंय ना, मग बसवा. वास आला तर वर लवंग. मी दाताचं सांगतोय मालक, गावाचं नाय.

कानाचे पडदे फुटण्याची भाषा माझी चुकली. ते माझं बोलणं होतं, दवाखान्याचं नव्हतं. माफी करा.

आन पार्सल डॉक्टरीणबाईकडं न पाठवता गावाकडं पाठवलं ही माझीच चूक. मला वाटलं, माझ्या हातचा पहिला चांगला दात आधी आईच्या तळहातावर पडावा. शाळेचं प्रगतीपुस्तक तर कधी पडलं नाय. तो तुमच्या बादलीत पडला.

पाण्यानं त्या टोपीला काही होत नाय, ती भट्टीतून निघालीय. पण मालक, घोषणा कधीबी होईल. त्या दिवशी माझ्या बहिणीला एक नाव नीट घ्यायचंय, तेवढंच. डबा डॉक्टरीणबाईकडं पोचवा. वाटल्यास बंदोबस्तात पोचवा.

तुमचा
कचरू


धोंडखेडा,
९ जानेवारी १९९४

कचऱ्या,
दात सुटला!

आता पहिल्यापासून सांगतो. ती बादली चावडीत दोन आठवडे होती. लोक लांबून बघायला यायचे. तुमच्या वस्तीतले म्हणायचे, दात हाय. आमच्या वाड्यावरचे म्हणायचे, बाँब हाय. तुमच्या शेजारच्या साळूबाईनं दोन्ही धरून बादलीला हळद-कुंकू वाहिलं. मग नाताळाच्या सुट्टीत मी शेळ्या घेऊन निघालो, आन आमची काळी शेळी चावडीत घुसली आन बादलीतलं सगळं पाणी पिली. डबा तळाला कोरडा. काकासाहेब ओरडले, "कोणी हलू नका!" शेळीला लिंबाला बांधली, भोवती रांगोळीची रेघ मारली. तीन दिवस निरीक्षणाखाली. चौथ्या दिवशी ती व्याली. मी जाऊन रजिस्टर बघितलं तर लिहिलेलं: "संशयितांची संख्या एकवरून तीन."

तुझं पत्र आलं तर काकासाहेब ते पुरावा म्हून ठाण्यात घेऊन गेले, मलाबी संगं नेलं. फौजदार नवा पोरगा हाय, कोल्हापूरकडचा. त्यानं पत्र मोठ्यानं वाचलं. "मी दाताचं सांगतोय मालक, गावाचं नाय" इथं आला आन थांबला. काकासाहेबांकडं बघितलं. मग डबा फोडला, दात चिमटीत धरून उजेडात बघितला आन म्हणला, "पाटील, काय सुंदर बाँब बनवलाय हो." पावती करून माझ्याकडं दिला. मी आधी तुझ्या घरी नेला. मावशीनं तळहातावर घेतला. पदरानं पुसला, परत पुसला. शेवटी मी म्हणलं, मावशी, झिजंल तो.

आता वाईट सांगतो. काल डॉक्टरीणबाईकडं गेलो. भामानं तोंड उघडलं तर त्या मागं सरकल्या. "अगं, तोंडात बिर्याणी शिजवतेस का?" मावशी! तुझं कार्ड काकासाहेबांकडं अडकलं, म्हून लवंग बंद करायचा निरोप तिला मी कार्ड सुटल्यावर सांगितला, पण तिला पटलाच नाय. "पोरगा लांब हाय, त्याला ठणका काय ठाऊक," म्हणून भामा झोपली की लावायची. मसाला तेलानं भिजून ढिला झालेला. बाईंनी सगळा उकरला, काचेचा भरला. पण दाताच्या अंगात तेल मुरलंय म्हणल्या. दहा दिवस काही लावू नका, १८ तारखेला या.

आन इकडं लोक म्हणतात, घोषणा या आठवड्यात नक्की.

तुझा
बिरू


धोंडखेडा,
२३ जानेवारी १९९४

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

माझ्या दातावर तुम्ही दोघांनी इतकी पत्रं लिहिली, मला कोणी विचारलं नाही. आता मी लिहिते. मी दहावी पास आहे, त्यामुळं हे पत्र जप.

चौदा तारखेला बातमी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव राहिलं, पुढं बाबासाहेबांचं आलं. वस्तीत लोक नाचले, मीही नाचले. कोणी म्हणालं जिंकलो, कोणी म्हणालं अर्धंच दिलं. गोजरआत्या एकटी ओट्यावर बसून होती. सोळा वर्षांमागं या नावापायी तिचं घर जाळलं, तेव्हा मी तीन वर्षांची होते. मी जवळ गेले तर म्हणाली, "रविवारी तू गाणार ना? मग नाव नीट घे."

आता बोल. अठरा तारीख मंगळवारी, आणि गाणं सोळाला.

शनिवारी बिरूदादा कुणाची तरी मोटारसायकल घेऊन आला आणि मला उस्मानपुऱ्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज चिकटवून देते. उद्याचं गाणं होऊन जाईल. पण खाली तेल अजून आहे, सील धरणार नाही. महिन्याभरात सुटेल, आणि सुटताना उरलेला दातही घेऊन जाईल. तुझ्या मनावर आहे." तुझी टोपी समोर वाटीत होती. दादा, खरंच सुंदर केलीस. बिरूदादा म्हणाला, "बसवून घे गं! उद्या फोटो निघणार, पेपरवाले येणार!" मी वाटी बाईंकडं परत सरकवली. मग म्हणाले, मंगळवारी येते.

परत येताना बिरूदादानं फुलंब्रीपर्यंत नुसता हॉर्न वाजवला.

रविवारी मंडप. या खेपेला परवानगीच्या कागदावर मिनिटं लिहिलेली नव्हती. वरून सलोख्याचं परिपत्रक आलं म्हणे. काकासाहेब स्वतः आले, निळा फेटा बांधून, आणि भाषण केलं की या गावात पहिल्यापासून एकोपा आहे. मग माईक दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी एक पाऊल मागं सरून गायले.

नावाशी आले. गोजरआत्या पहिल्या रांगेत होती. मी नाव घेतलं. शिट्टी वाजली. चांगली लांब वाजली, माईकमधून पार पाणंदीपर्यंत गेली. ढोलकीवर कडुबाकाका होते, त्यांना वाटलं मी मुद्दाम चाल बदलली, त्यांनी ठेका उचलला. आणि मंडपातून पन्नास जणांनी शिट्टीनं जबाब दिला. मी पुन्हा नाव घेतलं, पुन्हा शिट्टी, पुन्हा पन्नास. काकासाहेब माईक सोडून गर्दीत शिरले आणि ज्याला त्याला विचारत सुटले, "पहिली शिट्टी कोणी मारली?" अजून चौकशी चालू आहे.

आत्याला नंतर विचारलं, नाव नीट निघालं का गं? म्हणाली, "मला ऐकू आलं."

मंगळवारी दात बसला. बाईंनी तासभर घासून, धुऊन, वाळवून बसवला, आणि तुझ्या लॅबला शाबासकी सांगितली. वरून तर झालं. खालचं किती साफ झालं ते वर्षभरानं कळेल. दाताचंच सांगते.

लवंगेचं उघडकीला आल्यापासून आई माझ्याशी नजर मिळवत नव्हती. मंगळवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हणून दाखव." मी म्हणाले, काय? "तेच." मी नाव म्हणून दाखवलं. लख्ख निघालं, दादा. आई म्हणाली, "पुन्हा म्हण." पुन्हा म्हणाले. तव्यावर भाकरी करपली तरी तिनं उतरवली नाही. "पुन्हा म्हण." पूर्ण नाव, विद्यापीठासकट, किती वेळा म्हणाले मोजलं नाही.

शेवटी भिंतीपलीकडून साळूबाई ओरडली, "केसरे, बंद कर आता तो रेडिओ! समद्या गावाला कळलं की!"

तुझी
भामा